हायपेरियन (इंग्रजी साहित्यातील नाव)

हायपेरियन हा ग्रीक पुराणकथांतील १२ टायटनांपैकी एक होय. युरेनस (आकाश) व गाया (पृथ्वी) यांचा तो पुत्र. हेसिअडच्या 'थिऑगनी' या काव्यानुसार हायपेरियन व त्याची बहीण थिया यांना हेलिऑस (सूर्य), सेलेनी (चंद्र) आणि इऑस (उषा) ही अपत्ये झाली. त्याच्या स्वतःच्या पराक्रमाच्या कथा प्राचीन वाङ्मयात जवळजवळ नाहीत. इंग्रजी साहित्यात मात्र या नावाला दीर्घ आयुष्य लाभले.

नावाचा अर्थ

ग्रीक 'हुपेर' म्हणजे 'वर'. हा शब्द संस्कृत 'उपरि'शी सगोत्र आहे. त्यावरून नावाचा अर्थ सामान्यतः 'वरून जाणारा' असा केला जातो. होमरच्या काव्यांत ते बहुधा हेलिऑसचेच विशेषण म्हणून येते. त्यामुळे सूर्य आणि सूर्याचा पिता यांतील सरमिसळ ही इंग्रजी कवींची चूक नव्हे. ती ग्रीक परंपरेतच आहे.

शेक्सपिअर

शेक्सपिअरच्या नाटकांत हायपेरियन म्हणजे प्रत्यक्ष सूर्यदेवच. 'हॅम्लेट'मधील पहिल्या स्वगतात नायक आपल्या दिवंगत पित्याला हायपेरियनची, तर राज्य बळकावणाऱ्या काकाला सॅटरची (अर्धे अंग बोकडाचे असलेल्या कामासक्त वनचराची) उपमा देतो. पुढे आईला पित्याचे चित्र दाखवतानाही त्याला हायपेरियनचे कुरळे केस आठवतात. 'हेन्री द फिफ्थ'मध्ये हेच नाव राजाच्या स्वगतात, पहाटे उठून राबणाऱ्या कष्टकऱ्याच्या संदर्भात येते.

कीट्स

हायपेरियनला खऱ्या अर्थाने पात्र बनवले ते जॉन कीट्सने. क्षयाने आजारी असलेला धाकटा भाऊ टॉम याची शुश्रूषा करीत असताना, १८१८ च्या उत्तरार्धात, त्याने 'हायपेरियन' हे महाकाव्य आरंभिले. १ डिसेंबर १८१८ रोजी टॉमचा मृत्यू झाला. काव्याच्या प्रारंभी टायटन पदच्युत झालेले आहेत. एकट्या हायपेरियनची सत्ता अद्याप शाबूत आहे. अनिष्टाच्या चाहुलीने अस्वस्थ होऊन तो वेळेआधीच दिवस उगवू पाहतो, परंतु देव असूनही त्याला ते साधत नाही. दुसऱ्या सर्गात ओशनस पराभूतांना समजावतो की, अधिक सुंदर असलेल्यांनी जुन्यांची जागा घ्यावी हा सृष्टीचाच नियम आहे. तिसऱ्या सर्गात तरुण अपोलोला देवत्व प्राप्त होत असतानाच काव्य वाक्याच्या मध्यावर थांबते. जुना आणि नवा सूर्यदेव समोरासमोर येतच नाहीत.

हे अपूर्ण काव्य १८२० च्या संग्रहात छापले गेले. आधीच्या 'एन्डिमिअन'च्या प्रतिकूल स्वागतामुळे कवीचा उत्साह मावळला, असे प्रकाशकांनी प्रास्ताविकात म्हटले होते. एका भेटप्रतीत कीट्सने तो मजकूर खोडला. आपण आजारी असताना आपल्या संमतीविना तो घातला गेला आणि हे कारण खोटे आहे, असे त्याने तेथे लिहिले. समीक्षकांनी कीट्सचा बळी घेतला ही पुढे रूढ झालेली समजूत पाहता ही नोंद विसरता येण्याजोगी नाही. १८१९ मध्ये त्याने 'द फॉल ऑफ हायपेरियन' या नावाने हाच विषय स्वप्नरूपात पुन्हा हाती घेतला. तेही अपुरेच राहिले. भाषेवर मिल्टनची छाप फार पडत असल्याचे कारण त्याने सप्टेंबर १८१९ च्या पत्रात दिले आहे. ही दुसरी रचना कवीच्या मृत्यूनंतर (१८२१) तीसहून अधिक वर्षांनी प्रसिद्ध झाली. कीट्सच्या इतर कवितांची टवाळी करणाऱ्या बायरननेही 'हायपेरियन'ची थोरवी मान्य केली होती.

नंतरचे वापर

अमेरिकन कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो याच्या 'हायपेरियन' (१८३९) या गद्यकृतीत टायटनाचे पात्र नाही. तीत पॉल फ्लेमिंग या शोकमग्न तरुणाचा युरोपप्रवास आहे. त्यातील नायिकेवर फ्रान्सिस ॲपलटन हिची छाया स्पष्ट दिसत असल्याने ती नाराज झाली; तथापि १८४३ मध्ये दोघांचा विवाह झाला. डॅन सिमन्सच्या 'हायपेरियन' (१८८९ नव्हे, १९८९) या ह्यूगो पुरस्कारप्राप्त विज्ञानकादंबरीत हे एका ग्रहाचे नाव असून, तीत कीट्सच्या व्यक्तिमत्त्वावरून घडवलेले एक कृत्रिम पात्रही आहे. पुढील भागाचे नावही कीट्सवरूनच घेतले आहे. १८४८ मध्ये सापडलेल्या शनीच्या एका उपग्रहालाही हायपेरियन हेच नाव दिलेले आहे.