पुणेरी घराची भिंत

गृहशोभा हा विषय निघाला की आपल्या मध्यमवर्गीय मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. ज्याच्याजवळ पैसा त्याने घर सजवावे, इतरांनी ते स्वच्छ ठेवले म्हणजे पुरे, असा समज पुष्कळांचा असतो. पुण्याच्या घरांचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही.

पेशवाईत भिंतीवर चित्र असणे ही श्रीमंतांची गोष्ट होती. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा आहे, त्यात भिंतींवर रंगविलेली चित्रे आजही पाहावयास मिळतात. असे काम करणारा चितारी पोसणे सामान्य गृहस्थाला शक्य नव्हते. त्याच्या भिंतीला चुन्याची सफेदी, खाली गेरूचा पट्टा, दिव्यासाठी कोनाडा आणि पागोटे अडकविण्यास खुंटी एवढेच असे. शोभेचा सारा भार जमिनीवर होता. शेणाने सारवलेली भुई आणि तिच्यावर शिरगोळ्याच्या पुडीची रांगोळी. खर्च जवळजवळ शून्य, आणि ठिपके तेच असले तरी दोन घरच्या हातांत फरक हा असायचाच.

भिंतीचे भाग्य उजळले ते १८७८ साली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्या वर्षी पुण्यात चित्रशाळा काढली. शास्त्रीबुवा आपल्याला ठाऊक आहेत ते निबंधमालेचे कर्ते म्हणून, न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि 'केसरी' (१८८१) यांच्या संस्थापकांपैकी एक म्हणून. चित्रशाळेचा उल्लेख बहुधा ओझरता होतो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. निबंध वाचण्यास अक्षरओळख लागते. चित्र पाहण्यास डोळे पुरतात, आणि ते माजघरातल्या बायकांनाही होते. शिळाप्रेसवर प्रत्येक रंगाला निराळा दगड, त्यामुळे एकच कागद अनेकदा यंत्राखालून काढावा लागे. पण एकदा दगड तयार झाले की हजारो प्रती निघत. रामपंचायतनासारखी चित्रे अशा रीतीने ओटीवर आली. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईस छापखाना काढला व तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वतींनी तर देवघरे काबीज केली.

येथे कोणी म्हणेल, घरोघर तीच लक्ष्मी, तर मग त्यात ज्याची त्याची आवड ती कोठली? या आक्षेपाचे उत्तर घरच्या स्त्रियांनी दिले आहे. छापील लक्ष्मीच्या लुगड्याच्या काठावर त्या खरी जर चिकटवीत, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी लावीत, आणि मग ते चित्र चौकटीत बसे. जुन्या लुगड्याची जर, तुटलेल्या माळेचे मणी, थोडी खळ. एवढ्या भांडवलावर छापखान्यातले चित्र त्या घरचे होऊन जाई. मण्यांची तोरणे, दोऱ्याचे विणलेले रुमाल, कशिद्याचे मोर यांची कथाही हीच. अशी कामे मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे मांडली जात, हेही सांगितले पाहिजे. त्या मोरात हौस किती आणि परीक्षेचे भय किती, हे त्या मुलींनाच माहीत.

चैत्रगौरीची आरास हा याच बुद्धीचा उत्सवी नमुना. पाट आणि डबे रचून पायऱ्या करायच्या, वर ठेवणीतले लुगडे अंथरायचे, अंगणात चैत्रांगण काढायचे. हळदीकुंकू संपले की डबे परत फडताळात.

जुन्या छायाचित्रांत या चौकटी छताजवळ, पुढे झुकवून टांगलेल्या दिसतात. आज ते विचित्र वाटते. पण तेव्हाची बैठक जमिनीवरची. खाली बसून मान वर करणाऱ्याला झुकलेले चित्रच सरळ दिसे. खुर्च्या आल्या तशा चौकटी खाली उतरल्या.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाने भिंतीला आणखी एक काम दिले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना वा परवडूनही करवेना, आणि भाडेकरू जागा सोडेना. जिना डळमळता, गच्ची गळकी. या गोष्टी बिऱ्हाडकरूच्या हातातल्या नव्हत्या. भिंत तेवढी त्याची होती. तेथे देव, वडिलांचा फोटो, टिळक, एखादे प्रशस्तिपत्र आणि दुकानदाराने फुकट दिलेले कॅलेंडर एकत्र नांदू लागले. खिळ्यांवरून मालकाशी तंटा होई तो निराळा. या घरात कोणाला मानतात, हे पाहुण्याला पाणी येण्यापूर्वीच कळत असे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. मातीच्या भिंती विरघळून बसल्या. भांडीकुंडी पुन्हा घेता आली. जर लावलेल्या लक्ष्म्या आणि वडिलांचे एकुलते एक फोटो गेले ते गेले. नुकसानीच्या याद्यांत अशा वस्तूंना किंमत लावणार तरी काय?

ही किंमत ज्याला आधीच उमगली होती असा एक गृहस्थ शुक्रवार पेठेत राहत होता. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. राजेरजवाड्यांच्या मौल्यवान चिजांपेक्षा त्यांना दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तूंचे वेड. लोकांनी अडगळ म्हणून काढलेले त्यांनी गावोगाव हिंडून जमविले, अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुढच्या काळात पेठांतले वाडे एकेक करून पडले, जागी सदनिका उठल्या, आणि जुन्या वाड्यांच्या खुंट्या व चौकटी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात येऊ लागल्या. त्या विकत घेऊन नव्या दिवाणखान्यात लावणाऱ्यांना कित्येकदा तिप्पट दाम मोजावे लागते, आणि त्या खुंटीवर पागोटे मात्र कोणी अडकवीत नाही.