तीन सेट, दहा रिपिटेशन आणि एक लोखंडी बूट

जिममधल्या कुणाचीही वही उघडा, ॲप उघडा किंवा ट्रेनरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला तक्ता बघा. एक आकडा हमखास सापडेल: ३ × १०. तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये दहा रिपिटेशन. हा आकडा इतका अंगवळणी पडलाय, की तो आला कुठून हे विचारायचं सुचतच नाही. फार तर वाटतं, कुणा जुन्या बॉडीबिल्डरने ठरवलं असेल. प्रत्यक्षात तो एका लष्करी हॉस्पिटलातून आला, आणि ज्यांच्यासाठी तयार झाला त्यांचे गुडघे मोडलेले होते.

गोष्ट १९४४-४५ची, शिकागोची. मिशिगन सरोवराच्या काठावरचं एक मोठं हॉटेल दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने ताब्यात घेतलं आणि तिथे गार्डिनर जनरल हॉस्पिटल सुरू केलं. नाव दिलं रूथ गार्डिनर या नर्सचं. जखमींना विमानाने हलवण्याच्या कामावर असताना १९४३ साली अलास्कात विमान कोसळून ती गेली होती. हॉस्पिटल भरून वाहत होतं. सैनिकांच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया व्हायच्या, पाय महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहायचा, आणि प्लास्टर निघालं की आतून निघायची काठीसारखी मांडी. हाड जुळलेलं, पण पाय उभं राहू देत नाही. मग हलकी वजनं खूप वेळा उचलणं, कप्पीवरून दोरी ओढणं, जागच्या जागी सायकल मारणं असे उपाय चालायचे. पेशंट दमायचे, पण ताकद काही येत नव्हती. खाटा रिकाम्या होत नव्हत्या.

तिथे टॉमस डेलॉर्म नावाचा एक तरुण डॉक्टर होता. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर झाला होता. हा आजार हृदयावर जातो, त्यामुळे त्या काळात अशा मुलांना सांगायचे की आता जपून राहा, श्रम नकोत. याने मात्र वजनं उचलून तब्येत कमावली. त्यामुळे जड वजनाची जी भीती इतर डॉक्टरांना होती ती त्याला नव्हती. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. शोध लावणारा माणूस स्वतः आधी अंथरुणावर पडून राहिलेला होता.

डेलॉर्मने हिशेब उलटा केला. हलकं वजन खूप वेळा उचललं तर दम वाढतो, ताकद वाढत नाही. ताकद हवी तर जड वजन थोड्याच वेळा उचला. 'जड' म्हणजे किती, याचं माप त्याने पेशंटच्याच शरीरावर सोपवलं. जे वजन दहा वेळा उचलता येतं पण अकराव्यांदा येत नाही, ते त्याचं जड. कुणासाठी ते वीस किलो असेल, कुणासाठी दीड. दर आठवड्याला पुन्हा मोजायचं आणि वाढवायचं. पाय तर वजन हातात धरू शकत नाही, म्हणून लोखंडी बूट आला. तळव्याखाली बांधायचा, त्यातून दांडा आरपार, दांड्याच्या दोन्ही बाजूंना चकत्या. टेबलाच्या कडेवर बसायचं आणि गुडघा सरळ करायचा. आज जिममध्ये जे लेग एक्स्टेन्शनचं मशीन असतं, त्याच्यामागे हीच हालचाल आहे.

१९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. सुरुवातीला तो दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. मग लक्षात आलं की एवढ्याची गरज नाही. १९४८पर्यंत पद्धत तीन सेटवर आली: पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण. नावही बदललं. आधी त्याला 'हेवी' म्हणत, नंतर 'प्रोग्रेसिव्ह'. आपण रोज ज्याला 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' म्हणतो, त्याची वैद्यकातली नोंद अशी जखमींच्या वॉर्डातून सुरू होते. १९५१मध्ये ऑक्सफर्डच्या झिनोविएफने क्रम फिरवला, कारण त्याचे पेशंट शेवटच्या जड सेटपर्यंत थकून जायचे. त्याने जडापासून सुरू करून खाली यायला लावलं. वजन कमी करत नेणारे सेट तुम्ही करत असाल, तर त्यातही हॉस्पिटलची थोडी सावली आहे.

पण मग त्याआधी इतकी वर्षं सगळे 'झोपून राहा' का सांगत होते? डॉक्टर मूर्ख होते म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकात लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांनी विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली, त्यांचं १८६३ साली पुस्तक झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या सर्जनांनी ते वाचलं. अँटिबायोटिक नव्हती, एक्स-रे नव्हता. दुखरा भाग हलवला तर काय होईल ते दिसतच नव्हतं, म्हणून न हलवणं हेच शहाणपण. ही श्रद्धा ढासळायला डेलॉर्मचाच काळ यावा लागला. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने अंथरुणाच्या धोक्यांवर खरमरीत लेख लिहिला. आणि १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे फक्त झोपवून ठेवण्यात आलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. त्यांचा दम वयाच्या पन्नाशीत जेवढा कमी झाला होता, त्यापेक्षा जास्त तो त्या तीन आठवड्यांत कमी झाला होता. तीस वर्षांचं म्हातारपण एका बाजूला, तीन आठवड्यांची खाट दुसऱ्या बाजूला.

हे सगळं मी वाचलं ते गेल्या पावसाळ्यात, डाव्या हाताला प्लास्टर असताना. स्कूटरसमोर कुत्रं आलं, रस्ता ओला होता, मनगटाचं हाड मोडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की पडल्यावर मनात आलेला पहिला विचार हाडाचा नव्हता, डेडलिफ्टचा होता. दीड वर्षात ६० किलोवरून १२५वर आलो होतो. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल: अडीच-अडीच किलोंनी रचलेला तो मनोरा असतो, आणि नोकरी, परीक्षा, घरचं टेन्शन यांच्यात तेवढा एकच आलेख आपल्या हातात वर जात असतो. सहा आठवडे प्लास्टर म्हटल्यावर जिममधला एक जण म्हणाला, "आता तीन महिने विसर, भावा. सगळं शून्यापासून." आई म्हणाली, "बरं झालं, आतातरी जरा बसशील."

डॉक्टर मात्र म्हणाले, "मोडलंय मनगट. पाय कुठे मोडलेत?" म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत पायांचा आणि उजव्या हाताचा व्यायाम चालू राहिला. उजव्या हाताबद्दल मी आधी हसलो होतो. एकाच हाताचा बायसेप फुगवून काय करायचं? पण यालाही एक इतिहास निघाला, आणि तो डेलॉर्मपेक्षा पन्नास वर्षं जुना आहे.

१८९४ साली अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका तरुणीने काही दिवस फक्त उजव्या हाताने दाबण्याचा सराव केला. पकडीची ताकद पाऱ्याच्या नळीवर मोजली जायची. उजव्या हाताची पकड वाढली, ते अपेक्षितच. पण ज्या डाव्या हाताने काहीच केलं नव्हतं त्याची पकडही सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. स्नायू तर बदलला नव्हता. वाढ कुठेतरी मेंदूत आणि मज्जासंस्थेत होत होती. पुढे कित्येक दशकं हे एक गमतीशीर निरीक्षण म्हणून पडून राहिलं. अलीकडच्या प्रयोगांत मात्र दिसलंय, की एक हात बांधलेला असताना दुसऱ्याने व्यायाम केला तर बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते. माझा डावा हात त्यामुळे किती वाचला हे सांगता येणार नाही. तुलनेला माझ्याकडे तिसरा हात नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट माझं वाटत नव्हतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक किलोचं डंबेल दिलं आणि म्हणाल्या, "दहा होतात का बघा." सात झाले. त्यांनी अर्ध्या किलोचं दिलं. दहा झाले, अकरावा झाला नाही. त्यांनी तेवढं लिहून घेतलं. १२५ किलो उचलणाऱ्या माणसाचं 'जड' त्या दिवशी अर्धा किलो होतं, आणि डेलॉर्मच्या हिशेबात ते १२५इतकंच खरं होतं.

आपल्या तालमीत हा हिशेब बसला असता का, असा प्रश्न मला पडतो. तिथे प्रगती मोजायची ती मुख्यतः आकड्यांत: किती जोर, किती बैठका. दगडी नाल आहे तेवढ्याच वजनाची. उचलली तर उचलली. चकत्या घालून-काढून वजन बदलायची सोय म्हणजे वेगळाच विचार. अमेरिकेत १९०२ साली सुरू झालेल्या मायलो कंपनीने तशा बारबेल विकायला सुरुवात केली, आणि ती सोय नसती तर डेलॉर्मचा बूटही नसता. तालमीत दुखावलेल्याला तेल, मालिश आणि हाडवैद्य मिळायचा. मांडी पुन्हा चढवायची शिडी नसायची. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं, तेही वर्गणी गोळा करून जावं लागलं असताना. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे ते जाऊ शकले नाहीत. डेलॉर्मचं पुस्तक १९५१मध्येच आलं होतं. ते कराडपर्यंत पोचलं असतं तर काही वेगळं झालं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण कुस्तीतला गुडघा हा फार निर्दय अवयव आहे, आणि डेलॉर्मच्या कहाण्यांत बरे झालेलेच जास्त भेटतात.

शिडी असूनही वेळ मिळत नाही तेव्हा काय होतं, ते ३० जुलै २०२२ला बर्मिंगहॅममध्ये दिसलं. राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट, सांगलीचा संकेत सरगर. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५, एकूण २४८. दुसऱ्या प्रयत्नात १३९ डोक्यावर नेताना उजवं कोपर दुखावलं. तो तिसऱ्यांदा आला, त्याच कोपराने पुन्हा १३९ला हात घातला. जमलं नाही. मग मलेशियाच्या अनिक कसदानने शेवटच्या प्रयत्नात १४२ उचलले आणि त्याची बेरीज २४९ झाली. संकेतने हात झोळीत घेऊन रौप्य स्वीकारलं. वेटलिफ्टिंगच्या नियमात बारवरचं वजन कमीत कमी एक किलोने वाढवता येतं. सुवर्ण तेवढ्याच अंतरावर होतं.