अडला तो बत्तीसपाशी

धायरीतल्या एका शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही आम्ही २०१२ साली संगणकावर चढवली. लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवला. काम चपळ व्हावे म्हणून त्याला ६४ मेगाबाइट स्मृती नेमून दिली, तर तो सुरूच होईना! पडद्यावर सामाईक स्मृती मिळत नसल्याची तक्रार; यंत्रात मात्र एक गिगाबाइटहून अधिक जागा मोकळी.

ही मोकळी जागा घ्यायला परवानगी नव्हती. अनेक प्रोग्रॅमनी स्मृतीचा एकच तुकडा मिळून वापरण्याची सोय युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’मुळे (१९८३) रूढ झाली. तुकडा किती मोठा असावा याला बंधन असे. लिनक्समध्ये ते ३२ मेगाबाइटचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक (१९६०) या संगणकाची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे अवघी १० किलोबाइट होती. त्या मानाने ३२ मेगाबाइट ही चैनच. पण यंत्रे वाढली, आकडा तिथेच राहिला. ‘एसएचएममॅक्स’ या नावाचा तो आकडा वाढवला आणि नोंदवही उघडली.

पुढे पोस्टग्रेस ९.३ ने (२०१३) बहुतेक स्मृती दुसऱ्या मार्गाने घ्यायला सुरुवात केली. लिनक्स ३.१६ ने (२०१४) ते बंधन जवळपास काढूनच टाकले.