यंत्राला कुंपण मिळाले, माणसाला काय? : १८८१चा कारखाना कायदा आणि मुंबईचे गिरणी कामगार

१.
१ जुलै १८८१. भारतातील पहिला कारखाना कायदा या दिवशी अमलात आला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे, अपघाताची खबर सरकारला देणे, सात वर्षांखालील मुलांना कामावर न घेणे ही कर्तव्ये मालकांवर कायद्याने प्रथमच आली. मात्र यंत्रात हात गमावलेल्या कामगाराच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटावी, याविषयी त्या कायद्यात अवाक्षर नव्हते. ती उणीव भरून निघण्यास चार दशके लागली. त्या चार दशकांचा हा इतिहास. (थ्रेड)

२.
१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवची ती गिरणी सुरू झाली. पुढील वीस वर्षांत गिरण्यांची धुराडी झपाट्याने वाढली. रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या गावांतून माणसे मुंबईत आली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. साप्ताहिक सुट्टी नव्हती. पगार महिना उलटून गेल्यावरही हाती पडेलच याची शाश्वती नव्हती.

३.
या स्थितीकडे प्रथम लक्ष वेधले ते मुंबई सरकारच्या कापूस खात्याचे अधिकारी मेजर मूर यांच्या १८७२-७३ च्या अहवालाने. विषय ब्रिटिश संसदेत पोहोचला आणि १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगात गिरणी मालकांचे वजन मोठे होते. बहुसंख्य सदस्यांचा निष्कर्ष असा, की कायद्याची आवश्यकता नाही.

४.
येथे एक गुंता लक्षात घेतला पाहिजे. भारतात कारखाना कायदा व्हावा म्हणून इंग्लंडमध्ये सर्वांत मोठा आवाज लँकेशायरच्या कापड उत्पादकांचा होता. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना स्पर्धक वाटत होते. त्यामुळे भारतातील बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्याकडे देशी उद्योगावरील घाला म्हणून पाहिले. त्यांचा संशय निराधार नव्हता. परंतु त्या वादात साचेखात्यातील आठ वर्षांच्या पोराचा आवाज कोणाच्याच कानी पडत नव्हता.

५.
या कोंडीतून वाट काढू पाहणारा गृहस्थ मुंबईचाच होता. समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः एक विधेयक तयार केले. मुंबई सरकारने ते पुढे नेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी इंग्लंडमधील लोकमताला साद घातली. अखेर केंद्रीय विधिमंडळात सरकारी विधेयक आले आणि लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१चा १५वा अधिनियम संमत झाला.

६.
मालकांनी नेमके काय करावयाचे होते?
• वाफेच्या इंजिनाचे गतिचक्र, माल उचलणारी यंत्रे आणि निरीक्षकाला धोकादायक वाटतील असे अन्य भाग यांना कुंपण घालणे.
• अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना देणे.
• सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम न घेणे. त्यांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या देणे.
• एकाच दिवशी मुलाला दोन कारखान्यांत राबू न देणे.

७.
आता पळवाटा पाहू. हा कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. चहा, कॉफी आणि निळीचे मळे वगळले होते. खानदेशातील कापसाचे हंगामी जिनिंग कारखाने बव्हंशी बाहेरच राहिले, जेथे हंगामात बायकांना पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करावे लागे. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांना तर कोठेच मर्यादा नव्हती.

८.
अंमलबजावणीची कथाही अशीच. जन्मनोंदी दुर्मीळ असल्याने मुलाचे वय दात आणि अंगकाठी पाहून ठरवावे लागे. तपासणीचे काम बहुतांशी इतर कामांनी व्यग्र असलेल्या जिल्हा अधिकाऱ्यांच्या माथी आले. १८८२ मध्ये इंग्लंडचे अनुभवी कारखाना निरीक्षक मीड-किंग यांना काही महिन्यांसाठी मुंबईत पाठवण्यात आले. त्यांच्या पाहणीतून कायदा किती अपुरा आहे हेच पुढे आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारने पुन्हा एक आयोग नेमला.

९.
या टप्प्यावर इतिहासात प्रथमच कामगारांची बाजू त्यांच्याच वतीने मांडली गेली. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी काही काळ गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केले होते, त्यामुळे गिरणीचे अंतरंग त्यांना ठाऊक होते. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. तेथे ठरलेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या व निशाण्या झाल्या.

१०.
मागण्या पाच होत्या.
• दर रविवारी पूर्ण सुट्टी.
• दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती.
• काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच.
• पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत.
• कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद.
पाचवी मागणी पुन्हा वाचावी. सरकारी कायद्याचा विचार यंत्रापाशी थांबला होता. कामगारांचा विचार तेथून पुढे, जखमी माणसाच्या घरापर्यंत गेला होता.

११.
लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’कडे ना सभासदांची नोंदवही होती, ना निधी, ना नियमावली. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती, असे अनेक अभ्यासक म्हणतात. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर तिच्या हाकेला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवारच्या सुट्टीची ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. बाकीच्या मागण्यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१२.
१८९१ मध्ये कायदा सुधारला. आता तो पन्नास माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि त्यांचे कामाचे तास सातवर आले. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा ठरली. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. लोखंड्यांच्या पहिल्या दोन मागण्या पूर्ण झाल्या. प्रौढ पुरुष मात्र तासांच्या मर्यादेबाहेरच राहिला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही मोडली. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११च्या कायद्याने.

१३.
हे पाहण्यास लोखंडे उरले नव्हते. १८९७च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगची साथ असताना, त्या साथीतच त्यांचे निधन झाले. ज्या चाळींतून त्यांनी सह्या गोळा केल्या, त्याच वस्त्यांवर त्या साथीने सर्वांत मोठा घाला घातला होता.

१४.
पाचवी मागणी कायद्यात उतरली १९२३च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने. तो १ जुलै १९२४ रोजी अमलात आला, म्हणजे पहिल्या कारखाना कायद्यानंतर बरोबर त्रेचाळीस वर्षांनी. कामामुळे आणि काम करीत असताना झालेल्या इजेची भरपाई देणे हे आता मालकाचे कायदेशीर कर्तव्य झाले. तरीही ते पूर्ण वेतन नव्हते. तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे अर्धे वेतन मिळे, तेही दहा दिवसांच्या प्रतीक्षेनंतर. कामगाराने यंत्राचे कुंपण जाणूनबुजून काढल्याचे मालकाने सिद्ध केले, तर त्याची जबाबदारी टळू शके.

१५.
वेळेवर पगाराची चौथी मागणी १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमापर्यंत रेंगाळली. १८८४ मध्ये सुपारीबागेत अंगठा उठवणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा हयात असतील, याचा अंदाज कोणीही बांधावा.

१६.
स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाना अधिनियम आला आणि २०२० मध्ये संसदेने सुरक्षा व आरोग्यविषयक कायदे एका संहितेत गुंफले. केंद्राचा कायदा आणि राज्याचे नियम वाचताना १८८१चेच प्रश्न आजही हाती धरावेत. किती माणसांच्या कारखान्याला हा नियम लागू आहे? हंगामी कामगार आत आहे की बाहेर? तपासणीस कोण येणार? आणि अपघात झालाच, तर त्या घराची चूल कोणाच्या जबाबदारीवर? अंगठा उठवणाऱ्या त्या माणसांना वाचता येत नव्हते, पण कायद्यात काय नाही हे त्यांनी अचूक ओळखले होते.