परक्यांनी ठेवलेले नाव

‘त्सेत्साउट’ हे त्या लोकांचे स्वतःचे नाव नव्हे; शेजारच्या निस्गा लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘आतल्या मुलखातले’. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्टलंड कॅनॉल या चिंचोळ्या खाडीच्या काठी त्यांची अथाबास्कन कुळातील भाषा बोलली जाई. १८९४ साली फ्रान्झ बोआस नास नदीच्या मुखाजवळ किंकोलिथला पोचले, तेव्हा निस्गांच्या आश्रयाने राहणारी जेमतेम बारा माणसे उरली होती. मुख्यतः लेवाय या गृहस्थाकडून बोआस यांनी शब्द आणि कथा टिपून घेतल्या. भाषेविषयीची सविस्तर सामग्री प्रसिद्ध झाली ती १९२४ साली.

आज ही भाषा आहे ती या टिपणांपुरतीच. लेवायला जे कुणी विचारलेच नाही, ते त्याच्याबरोबर गेले. लिखित पुराव्यालाच संपूर्ण भाषा समजणाऱ्या आपण अभ्यासकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.