कानशिलाची वेदना: एका निदानाचा इतिहास

कानशिलाला संस्कृतात 'शंख' म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील 'शंखक' हा कानशिलाचा आणि घातक मानलेला. पुढे बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने सुमारे हजार वर्षांपूर्वी या भागातील दाहाचा संबंध अंधत्वाशी जोडला व कानशिलाच्या धमनीवर शस्त्रोपचार सुचवला. १८९० मध्ये जोनाथन हचिन्सनने टोपीही सहन न होणाऱ्या एका वृद्धाची नोंद केली. १९३२ मध्ये बेयर्ड हॉर्टन व सहकाऱ्यांनी धमनीदाह सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला.

या सर्वांनी एकच रोग पाहिला, असे मानण्याचा मोह होतो. तो टाळावा. 'शंखक' त्रिदोषांच्या विचारातून घडला आहे. त्यावर आजचे नाव चिकटवल्यास ग्रंथ आधुनिक ठरत नाही, केवळ न वाचलेला राहतो.

कानशिलातील बहुतेक वेदना ताणाच्या वा अर्धशिशीच्या असतात. मात्र पन्नाशीनंतर ती नव्याने उद्भवली, चावताना जबडा दुखू लागला, तर धमनीदाहाची शंका घ्यावी लागते. तेव्हा बायोप्सीच्या निष्कर्षासाठी न थांबता स्टेरॉइड सुरू करतात. कारण गेलेली दृष्टी सहसा परतत नाही. अली इब्न ईसाचा उपाय मागे पडला, त्याची भीती मात्र रास्त होती.