जुने गोवे, डिचोली आणि आता पेडणे



मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात कोणाकडेही गेलं तरी विषय एकच, जमिनीचा भाव. "आता पेडण्याचं शहर होणार," असं जो तो म्हणतो. होईलही. पण शहर कसं वाढतं आणि कसं ओसरतं, हे आपल्या गोव्याने स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून हा थोडा इतिहास.

पहिलं उदाहरण जुन्या गोव्याचं. 1510 साली आल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून घेतलं तेव्हाही ते चालतं बंदर होतं. अरबी घोडे इथे उतरायचे, मिरी-मसाले इथून जायचे. पोर्तुगीजांनी तिथे राजधानी केली आणि शहर इतकं वाढलं की त्याची तुलना लिस्बनशी व्हायची. पण सगळी मदार दोन गोष्टींवर, पूर्वेकडचा व्यापार आणि दरबार. व्यापार डचांनी आणि इंग्रजांनी ओढून नेला. विहिरींचं पाणी बिघडलं, 1543 पासून पटकीसारख्या साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. 1695 मध्ये व्हाइसरॉय शेजारच्या पणेलीला राहायला गेला, 1759 मध्ये पणजीला. 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या शहरातल्या पडक्या इमारतींचे दगडसुद्धा पणजीच्या बांधकामाला गेले. मागे राहिली ती चर्चेस आणि माडांची बागायत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यांना तिथली दोन शहरं विचारा. शिकागो 1837 मध्ये शहर झालं तेव्हा वस्ती जेमतेम चार हजार. 1890 पर्यंत ती दहा लाखांवर गेली, तीही मध्ये 1871 ची मोठी आग सोसून. कारण तिथे कालवा, रेल्वे, धान्य, लाकूड, मांस असे अनेक धंदे होते, एक बसला तर दुसरा सावरायचा. डेट्रॉइट मात्र मोटारींवर उभं राहिलं. 1950 मध्ये तिथे साडेअठरा लाख माणसं होती, 2010 मध्ये सात लाखांच्या थोडी वर उरली. 2013 मध्ये तिथल्या नगरपालिकेने दिवाळं काढलं.

आता आपली डिचोली. खाणींच्या आधी ही कुंभार-कासारांची, आठवड्याच्या बाजाराची पेठ. 1947 नंतर खनिज परदेशी जाऊ लागलं, पुढे जपान मोठं गिऱ्हाईक झालं. खाणीतून ट्रकने मांडवीच्या जेटीवर आणि तिथून बार्जने मुरगावला, असा तो प्रवास. म्हणजे ज्या मांडवीने जुनं गोवे मोठं केलं, तिनेच डिचोलीलाही पैसा दिला. 2000 नंतर चीनची मागणी आली आणि हलक्या प्रतीचा मालही खपू लागला. त्या वर्षांत बँकेत माझ्या टेबलावर ट्रकच्या कर्जाच्या फायलींचा ढीग असायचा. शेती सोडून एक ट्रक, मग दुसरा. हप्ते वेळेवर यायचे, सगळं आलबेल दिसायचं.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या चालल्या, पण फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. अंगणातले ट्रक गंजले. गॅरेज, टायरवाले, चहाची गाडी, भाड्याच्या खोल्या, एकामागोमाग एक बसले. परत शेताकडे वळावं तर शिरगावसारख्या गावांत विहिरी आटलेल्या, शेतात खाणीचा गाळ. आता लिलाव करून काही खाणी पुन्हा सुरू होतायत, पण ती मधली वर्षं ज्यांनी काढली त्यांनाच ठाऊक.

आणि आता पेडणे. 1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा महाल. बाजार म्हापशाचा, सोयरीक सावंतवाडीकडची, असंच पिढ्यान् पिढ्या चाललं. डिसेंबर 2022 मध्ये मनोहर विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरू लागली. रस्ते आले, हॉटेलं येतायत. चांगलंच आहे, विकासाला माझा विरोध नाही. पोरांना घराजवळ नोकरी मिळाली तर कोणाला नको?

फक्त पूर्ण तालुका एका विमानतळावर टांगू नका. मिरची, काजू, भात, भाजी यांना त्याच हॉटेलांत गिऱ्हाईक मिळू शकतं, पण त्यासाठी शेत आणि विहीर शिल्लक हवी. दुसरं, कागद. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा असूनही कित्येक घरांत एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचंच नाव आहे, किंवा कोणाचंच नाही. दलाल दारात येण्याआधी भावाबहिणींनी एकत्र बसून ते निस्तरा.

जमिनीचा आलेला पैसा किती लवकर संपतो, हे बँकेच्या खिडकीमागून मी पुष्कळ पाहिलं. जमीन मात्र गेली की परत येत नाही. पेडण्याच्या पोरांनी एकदा डिचोलीला जाऊन तिथल्या जुन्या ट्रकवाल्यांशी बोलावं, एवढंच सांगणं.